सकाळी रक्त द्यायला जातोय

कादंबरी,

तू गाढ झोपली होतीस म्हणून उठवलं नाही. मी बेहाला भागातल्या लॅबमध्ये रक्त द्यायला गेलोय. टेस्टोस्टेरॉनची तपासणी सकाळीच करतात.

मूल होत नाही म्हणून वर्षभर तू एकटीच तपासण्या करत राहिलीस आणि मी गप्प बसलो. थकवा जावा म्हणून मी जिममधल्या एकाकडून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत होतो. शनिवारी डॉक्टर सेनगुप्तांना सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "बाहेरून असं घेतलं की शुक्रजंतू कमी होतात. बहुतेक वेळा पूर्ववत होतात, पण महिने लागतात. आता मला विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही." त्यांच्या देखरेखीखाली इंजेक्शनं बंद केलीत. वजन आणि झोप सुधारायला सांगितलंय. पुढच्या वेळी तू येशील माझ्याबरोबर?

तुझ्या रिपोर्टांमध्ये कधीच काही नव्हतं. इंजेक्शनांचं मी आधीच सांगायला हवं होतं. रागावलीस तरी चालेल.

पोहे करून झाकून ठेवलेत.

दहाला पुण्याहून आईचा फोन येईल आणि ती नेहमीसारखं "काही बातमी?" विचारेल. तू उचलू नकोस. घरी आल्यावर मीच तिला फोन करून सांगेन, की कारण माझ्यात आहे.

विहंग