‘सम्राट’ची गोडी

४ सप्टेंबर
आजपासून घाबरायचं नाही. इथेनॉलसाठी मी तयार केलेलं गोड ज्वारीचं वाण, ‘सम्राट’, माझ्या डोक्याच्या वर गेलं. धाटाच्या रसाची गोडी मीटरवर एकवीस! याच्यावर उद्या गाड्या धावतील. महिनाअखेर कमिटी येतेय. वाण नापास झालं तर माझी रवानगी बियाण्यांच्या गोदामात. तो विचारच करायचा नाही. दिवसभर तोच केला.

९ सप्टेंबर
बायकोला धाट चघळायला दिलं. झाडू चावल्यासारखं लागतं म्हणाली. तिला सर्दी असणार. मुलीने तर थुंकलंच. तिलाही सर्दी. घरात साथ आहे. शिवाय जीभ हे काही शास्त्रीय उपकरण नव्हे.

१५ सप्टेंबर, दुपार
शेजारच्या प्लॉटवर वाण करणाऱ्या मॅडमनी विचारलं, साधं पाणी टाकल्यावर तुमचा मीटर शून्य दाखवतो ना? मला शिकवतात! कालच्या आल्या! चालत्या मशीनला हात लावू नये. आणि समजा, नाही दाखवलं शून्य तर? छातीत धडधडलं. चहा जास्त झाला.

१९ सप्टेंबर
पलीकडच्या शेतात रानडुकरं शिरली. गोड तेवढंच खातात म्हणे. म्हणजे ‘सम्राट’च! तारेचं कुंपण घातलं, दिवे लावले, रेडिओ टांगला. मॅडमच्या प्लॉटला तार पुरली नाही. त्यांच्या ज्वारीकडे कोण बघतंय!

२६ सप्टेंबर, संध्याकाळ
जातीने राखणीला. घुरघुर ऐकू आली. प्रसंगावधान राखून प्लॉटवरच्या खोलीत शिरलो, कडी लावली, दाराला टेबल लावलं. तिथूनच लिहितोय. बायकोला फोन केला. ती म्हणते, जोरात ओरडा. ओरडलो तर मी कुठे आहे ते डुकरांना कळेल. सम्राटा, माफ कर रे बाबा.

२७ सप्टेंबर
सकाळी मॅडमनी दार वाजवलं आणि मी किंचाळलो. त्यांचे डोळे लाल होते. डुकरांनी माझी तार पाडली होती. चिखलात पावलं स्पष्ट दिसतात. ‘सम्राट’मध्ये शिरली, एक धाट चावलं, टाकलं आणि मागे फिरली. मग वळसा घालून मॅडमचा प्लॉट फस्त केला. फक्त कडेची ओळ उरली.
डुकरांनाही सर्दी होत असेल का?

३० सप्टेंबर
कमिटी येऊन गेली. मॅडमची उरलेली ओळ पुढच्या फेरीत. मी गोदामाची मानसिक तयारी करूनच उभा होतो. पण कमिटीच्या साहेबांनी पाठीवर थाप मारली. म्हणाले, तुमच्या वाणाला डुकरं शिवत नाहीत, पुढच्या हंगामात मॅडमच्या प्लॉटभोवती कुंपण म्हणून लावू.
घरी आलो. दार लावून घेतलं. बरोबर आणलेल्या मीटरच्या काचेवर नळाच्या पाण्याचा थेंब टाकला. नऊ. पुसून परत टाकला. नऊच.
आमच्या नळाला इतकं गोड पाणी येतं, हे आजवर कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?