सतरा एकांची रांग

सोमवार, ४ मार्च

वहीबाई, कालचं विसरलीस ना? एवढी पानं, पण डोकं कुठाय तुला! पुन्हा सांगते. मी बोलते, सूनबाई लिहिते. तिची लेक, म्हणजे माझी नात, कॉलेजात मोठ्या सरांच्या हाताखाली आकड्यांचं काम करते. सध्या एकच आकडा धरून बसलीय — सतरा एक ओळीने उभे. बास, दुसरं काही नाही! त्याचे सारखे वाटे म्हणे कुणालाच जमत नाहीत. कितीनेही भागा, काहीतरी उरतंच.

शुक्रवारी सर हे भर सभेत जाहीर करणार. नातीची तिथली कायमची जागा त्यावरच ठरणार.

मंगळवार, ५ मार्च

नात जेवली नाही. कॉलेजातलं जुनं यंत्र बाहेरच्या खोलीत आणून ठेवलंय. ते त्या आकड्याला एकेकाने भागून बघतं, दिवसभर घरघरतं.

"वीस लाखांपर्यंत भागून झालं, आजी. सर म्हणाले, पुरे."

"मग तोंड का उतरलंय?"

"यंत्र आपणहून थांबलंच नव्हतं. मधेच कुणीतरी बंद केलं."

कोणी, ते मला ठाऊक आहे. यंत्र आणि इस्त्री एकदम लावली की आमच्याकडे फ्यूज उडतो. म्हणून एकीने यंत्राचं बटण बंद केलं! लिही, सूनबाई, लिही. पेन का अडलं?

यंत्र पुन्हा लावलंय. इस्त्रीला सुट्टी. मुलगा चुरगळलेल्या शर्टात कामावर गेला.

बुधवार, ६ मार्च

घरघर. कोणी मोठ्याने शिंकतसुद्धा नाही.

गुरुवार, ७ मार्च

फुटला तो आकडा! वीस लाखांच्या जरासा पुढे — वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. त्याने भागलं की शिल्लक शून्य. चार पावलं अलीकडेच थांबलं होतं की यंत्र!

नातीने सरांना फोन केला. मी कान लावून शेजारीच.

"कोण बसणार आहे तपासत?" सर म्हणाले. "उद्या गप्प राहायचं. नाहीतर ती जागा दुसऱ्याला."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "बोलशील?"

ती यंत्राची वायर गुंडाळायला लागली.

शुक्रवार, ८ मार्च

गेली. अजून आली नाही. सूनबाईचं सगळं लक्ष दाराकडे, अक्षर वाकडंतिकडं होतंय म्हणे. मला काय, मला सगळं अक्षर सारखंच!

शनिवार, ९ मार्च

बोलली! फळ्यावर तो भागणारा आकडा आणि आलेला भागाकार मांडून गुणायला लागली, तर मधेच हातचा चुकला. सरांनीच उठून खडू घेतला. गुणाकार पुरा केला — सतराच्या सतरा एक. मग सभेकडे वळून म्हणाले, "हिने मला आधीच सांगितलं होतं. गप्प मी बसवलं."

नातीची जागा राहिली. सरांनी स्वतःची सोडली. घरात एकटेच आहेत, दार उघडत नाहीत.

सूनबाई, पुरे लिहिणं. सरांसाठी डबा भर. मऊ भात, वर दही, तिखट अजिबात नको. आणि दोघांपुरतं भर — नातच घेऊन जाणार आहे, तीही कालपासून उपाशी आहे.