उतरणीचा कोन

एली, फाइफ
९ जुलै

प्रिय रोना,

तुझं घर माझ्यापासून तीन गल्ल्या पलीकडे, आणि मी तुला पोस्टानं पत्र धाडतेय! हसशील. पण तू समोर बसलीस की मी चहा ओतते, वाऱ्याबद्दल बोलते, आणि जे बोलायचं ते कपाटातच राहतं. कागदावर तरी जमतंय का बघते.

इकडे सगळं ठीक. दुकानाच्या शेडचं छप्पर परत गळायला लागलंय. गिऱ्हाइकं मात्र भरपूर. काल एक गृहस्थ आले, तासभर गोल्फच्या नव्या लोखंडी काठ्या, आयर्न्स, मारून बघितल्या, निघताना दारात थबकले आणि म्हणाले, "तुम्ही त्या रोनाच्या बहीण ना?" हो म्हटलं. वीस वर्षं मी हो म्हणतेय. कधी कुणी तुला विचारलंय का गं, "तुम्ही त्या इशबेलच्या बहीण ना?"

बाबा गोल्फच्या मैदानाचं गवत राखायचे तेव्हाचं मला सगळं आठवतं. जेवणं आटपली की ते तुला घेऊन पंधराव्या होलवर जायचे. मी भांडी विसळता विसळता खिडकीतून बघायची. मी चार वर्षांनी मोठी. मला शिकवा, असं मी तुझ्या आधी म्हटलं होतं. त्यावर ते म्हणाले, "इशबेल, तुझा हात चांगला आहे गं, पण रोनाचा हात देवानं दिलेला आहे." त्यांना वाटलं असेल, पोरीची समजूत घातली. मी बासष्टची झाले, ते वाक्य अजून तोंडपाठ आहे. मी गोल्फच्या काठ्या दुरुस्त करायला शिकले, वाकवायला शिकले, फटके मोजणारं ते यंत्र आल्यावर त्याचे आकडे वाचायला शिकले, ते त्या वाक्यावर रागावूनच. म्हटलं, या एका गोष्टीत तरी रोना माझ्या पुढे नसेल.

आणि फेब्रुवारीत तू गिऱ्हाईक म्हणून माझ्या दारात आलीस. ओला कोट खुंटीला अडकवत म्हणालीस, "बाई गं, माझ्या चेंडूला आता दम लागतो. संघातल्या बाया माझ्यापुढे मारतात. काहीतरी कर." मला वाईट वाटायला हवं होतं. मला इतका आनंद झाला, की तो लपवायला मी उगाच खोकले.

तू सात नंबरची दोन आयर्न्स मारून बघितलीस, प्रत्येकी आठ चेंडू. पडद्यावर आकडे उमटत होते. चेंडूचा वेग, उडण्याचा कोन, फिरकी, अंतर, आणि शेवटच्या रकान्यात चेंडू जमिनीवर कुठल्या कोनात उतरला ते. सगळे लोक अंतर बघतात. मी आधी शेवटचा रकाना बघते. चेंडू उभा उतरला तर ग्रीनवर, होलभोवतीच्या बारीक गवतावर, थांबतो, आडवा उतरला तर घरंगळत पार जातो. पहिल्या आयर्ननं तुझे चेंडू एकशे चोवीस यार्ड गेले आणि आठच्या आठ असे पडले, की वर एक चादर टाकली असती तर झाकले गेले असते. फिरकी मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या वर, उतरण चव्वेचाळीस अंश. अठ्ठावन्नाव्या वर्षी असं मारणारी बाई मी या शेडमध्ये पाहिलेली नाही. आठवतं, मी पाठ करून खणात काहीतरी शोधत होते? काही हरवलं नव्हतं गं. तोंड लपवत होते.

दुसरं आयर्न नावाला सात नंबरचं. त्याचं तोंड इतकं उभं, की ते खरं तर लांब मारणाऱ्या सहा नंबरचं काम करतं. सहा चेंडू सरासरी एकशे छत्तीस गेले. फिरकी चार हजारांवर आली, उतरण सदतीस अंश. उरलेले दोन फटके जेमतेम सव्वाशेला पडले. ते दोन मी पुसले. "हे चुकून लागले, धरायचे नसतात," म्हणाले. आणि शेवटचा रकाना पडद्यावरून काढून टाकला. तू टाळी वाजवलीस, "बारा यार्ड! इशू, खरंच घेऊ? आकड्यांतलं मला काय कळतंय, तू सांगशील ते." मी म्हटलं, "हीच घे." तू माझ्या गालाचा मुका घेतलास. आई गेली त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

वसंतात जमीन ओली होती, चेंडू रुतून थांबत होते, म्हणून तुला काही खटकलं नाही. जूनमध्ये ऊन तापलं आणि ग्रीन्स सडकेसारखी टणक झाली. जिल्ह्याच्या सामन्यात मी तुमच्या कर्णधारीण बाईंच्या, ऊनाच्या शेजारी उभी होते. तुझा चेंडू ग्रीनवर सुरेख पडला आणि मागून निघून गेला. ऊना म्हणाली, "अगं, असं काय होतंय? फटका तर लोण्यासारखा!" मला ठाऊक होतं. पहिल्यांदा मला बरं वाटलं. दुसऱ्यांदाही वाटलं, खोटं कशाला बोलू? तिसऱ्यांदा तू चेंडू शोधत रस्त्यापर्यंत गेलीस आणि तिथे उभी राहून आपल्या हातांकडे बघत राहिलीस. आयर्नकडे एकदाही नाही. मग बरं वाटायचं थांबलं. तू हरलीस आणि वर चहाच्या टेबलावर सगळ्यांना सांगितलंस, "आयर्न्स झकास आहेत, माझ्या बहिणीनं जुळवून दिलीत. दोष माझ्या हातांचा." ते ऐकून दुसऱ्या आठवड्यात चार बायका माझ्याकडे आल्या.

काल ऊनाचा फोन आला. तू संघ सोडत असल्याची चिठ्ठी दिलीस म्हणाली, आणि हात दाखवायला डॉक्टरांची वेळही घेतलीयस. म्हणून हे पत्र, रोना. तुझ्या हातांना काहीही झालेलं नाही. सोबत त्या दिवसाच्या सगळ्या फटक्यांचा कागद जोडलाय, पुसलेल्या दोन्हींसकट आणि शेवटच्या रकान्यासकट. नवी आयर्न्स घे, पण माझ्याकडून नको. सेंट अँड्र्यूजला दुसऱ्या कुणाकडे तरी जा आणि हा कागद त्याच्यापुढे ठेव, बघताक्षणी ओळखेल. ऊनाला मी सगळं सांगितलं. शुक्रवारपर्यंत गावभर होईल, होऊ दे. तुझी क्षमा मागते. हेवा गेला असं मात्र लिहिणार नाही. आज सकाळी कागद छापताना तुझे ते आठ चेंडू पुन्हा बघितले आणि पोटात तसंच दुखलं. फार सुंदर मारतेस गं तू. हे मी तुला आजवर एकदाही म्हटलेलं नाही.

तुझीच,
इशबेल