हात न लावता

३ ऑक्टोबर, मंगळवार

आलं ते खोकं. नणंदबाईंनी पाठवलंय. भाऊ आजारी पडला तर लोक फळं पाठवतात, हिने वाजणारं खोकं पाठवलं. उजवीकडे एक उभी दांडी — रेडिओची एरियल असते तशी — डावीकडे एक आडवी कडी, मध्ये दोन बटणं. नाव थेरेमिन. हात न लावता वाजतं म्हणे. हात लावून वाजवायची वाद्यं जगातली संपली असावीत.

फोनवर सांगत होती, "वहिनी, दादाचा हात आपोआप उचलला जाईल बघा. मनालाही बरं वाटतं. मी सगळं वाचलंय." हिचं वाचलेलं मी पूर्वीही भोगलंय. मागे हिच्या वाचण्यापायी आम्ही दोघं रोज सकाळी घरात उलटं चालत होतो. कपाट आडवं आलं तेव्हा थांबलो.

उन्हाळ्यात यांना झटका आला. उजव्या हातातला जोर गेला आणि बोलणं गेलं. पाय बरा आहे, भिंतीला धरून चालतात. तोंडात एकच शब्द उरलाय — "चला". चहा हवा, चला. चहा नको, चला. डॉक्टर आले, चला. जन्मात कुठे फिरायला नेलं नाही, आणि आता सकाळपासून चला चला.

५ ऑक्टोबर

व्यायाम शिकवायला येणारी बाई खोकं बघून हरखूनच गेली. माझी अपेक्षा होती की ती तरी हसेल. "फार छान! हात हवेत धरायला त्यांना काहीतरी कारण मिळेल." लगेच दांडीजवळ हात नेऊन कुईंss करून दाखवलं. हात जवळ नेला की सूर चढतो, लांब नेला की उतरतो. डाव्या हाताची कडी तिने काढून बाजूला ठेवली, सध्या एकच हात पुरे म्हणाली. आणि बाकीच्यांनी चार पावलं लांब उभं राहायचं. का, तर खोक्याला माणूस कळतो. खोक्याला कळतो! आजपासून हिचं नाव हवाबाई.

लांब कशी राहू? यांचा तोल गेला तर धरणार कोण? हवाबाई गेल्यावर मी यांना खुर्चीत नीट बसवलं आणि उजव्या खांद्याशी उभी राहिले.

६ ऑक्टोबर

तीस वर्षं शाळेत गाणं शिकवलं. षड्ज कुठे आहे हे मला झोपेतसुद्धा कळतं. आणि हे — पाट्या रंगवणारे. अक्षर असं की लोक दुकानात शिरायच्या आधी पाटी बघत उभे राहायचे, पण कान म्हणाल तर आनंद. लग्न झाल्यापासून हे गुणगुणायला लागले की मी रेडिओ लावते.

आज यांना म्हटलं, एकच सा धरा. जास्त काही मागत नाही. धरला की चढतो. मी वाकून दांडीजवळ कान नेते आणि सांगते, "चढलात, खाली या" — तर आणखी चढतात! मुद्दाम करतात की काय. पाट्या रंगवताना केसभर रेघ हलली तर पाटी पुसून पुन्हा करणारा हा माणूस.

९ ऑक्टोबर

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात विचारलं, "मांजर पाळलंत का?" मी हो म्हटलं. नवऱ्याचं नाव कशाला सांगायचं.

१२ ऑक्टोबर

आज पुन्हा चढले. मी म्हटलं, "अहो, पहिलीतली पोरं धरतात सा." यांनी हात खाली घेतला, मांडीवर ठेवला. डाव्या हाताने खोकं ढकललं. खुर्ची भिंतीकडे वळवली — एकट्याने, धापा टाकत. मग म्हणाले, "चला."

या "चला"चा अर्थ मला कळला. इतक्या वर्षांत हे माझ्याशी असं बोलले नव्हते.

जेवताना चमचा डाव्या हातानेच. मीही माझं ताट उचलून आत गेले. मला काय हौस आहे?

१४ ऑक्टोबर

हवाबाई दारात चपला घालता घालता हळूच म्हणाली, "ताई, हात टाकून देतायत ते. हेच दिवस महत्त्वाचे आहेत. आत्ता वापरला नाही तर मग तो तसाच राहतो."

मी म्हटलं, "मग तुम्ही कशाला येता?" तिने पिशवी खांद्याला लावली. बिचारीला दुसरीकडे जायचं होतं.

मला भीती वाटते. लिहून टाकलं. हाताची तर वाटतेच. पण हे भिंतीकडे तोंड करून बसतात ना, त्याची जास्त वाटते.

१८ ऑक्टोबर

भाजी घेऊन आले तर यांची जुनी काठी खुर्चीजवळ पडलेली. लांब, बारीक, टोकाला चिंधी गुंडाळलेली — पाटीवर अक्षरं काढताना मनगट टेकवायला असायची, ओल्या रंगाला हात लागू नये म्हणून. ती तर छत्र्यांच्या मागे होती. पाठ खाजवत असतील. सुचायला काही सुचतं या माणसाला! मी परत ठेवून दिली.

खोक्याचं बटणही फिरलेलं. धूळ पुसताना माझाच हात लागला असणार.

२१ ऑक्टोबर

काठी पुन्हा खुर्चीशी. पाठीला पावडर लावून दिली.

नणंदबाईंचा फोन. दादा वाजवतो का? म्हटलं, उत्तम वाजवतो, शेजारी दूध घेऊन येतात मांजराला. पाच मिनिटं विचार करून म्हणाली, "वहिनी, तुम्ही चेष्टा करताय का?"

२४ ऑक्टोबर, मंगळवार

आजचं लिहावं की नाही कळत नाही.

हवाबाई आली होती. मी आत चहा टाकत होते. बाहेरून सूर आला. सरळ. चढला नाही, पडला नाही, नुसता उभा राहिला. मला वाटलं हवाबाईच वाजवतेय. डोकावले तर हे! काठीचं एक टोक खुर्चीच्या हातावर, दुसरं खिडकीच्या कठड्यावर, त्यावर मनगट टेकलेलं, आणि बोटं दांडीपासून वीतभर लांब. पाटी रंगवत असल्यासारखे. चेहराही तोच — जीभ दातात, एक डोळा बारीक.

म्हणजे पाठ खाजत नव्हती. मी भाजीला गेले की हे वाजवत होते.

मी कप तसाच घेऊन पुढे आले. म्हणणार होते, बघा, शेवटी माझं शिकवणं कामाला आलं. तेवढ्यात सूर चढला. यांचा हात हलला नव्हता, मी बघत होते. मी थांबले, सूर थांबला. एक पाऊल मागे गेले — उतरला. पुढे — पुन्हा चढला. मी येड्यासारखी तिथल्या तिथे मागेपुढे करत होते, बशीत चहा सांडत होता.

हवाबाई हसू दाबत म्हणाली, "ताई, आत्ता हे नाही, तुम्ही वाजताय."

"मग आधी सांगायचं!"

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चार पावलं लांब."

सांगितलं होतं. मी इथेच लिहून ठेवलंय, वर थट्टाही केलीय. म्हणजे इतके दिवस हे सा बरोबर धरत होते, आणि मी खांद्याशी उभी राहून, वाकून, कान लावून तो चढवत होते. आणि वर पहिलीतली पोरं काढत होते.

आणि माझे कान! सूर चढतोय हे बरोबर ऐकलं त्यांनी. कोणामुळे चढतोय, ते नाही. तीस वर्षं शाळेत मी किती पोरांच्या जवळ जाऊन उभी राहिले असेन देव जाणे. ती पोरं बेसूरच होती असं वाटायचं, आता खात्री नाही.

यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. गंमत वाटत होती त्यांना. झटक्यानंतर पहिल्यांदा. मला रडू आलं, मी आत जाऊन ओटा पुसला.

२८ ऑक्टोबर

रोज हे वाजवायला बसले की मी जिन्यात बसते. चार पावलं लांबच काय, अख्खी भिंत मध्ये. तोल गेला तर, ही धाकधूक आहेच. पण हवाबाईने खुर्चीला दोन्हीकडून उशा लावून दिल्यात.

वरच्या बाई खाली उतरता उतरता थांबल्या. "बाहेर का बसलात?"

"घरात गाणं चालू आहे."

त्यांनी ऐकलं. "मांजर सुधारलं," म्हणाल्या. मी म्हटलं, "मांजर नाही, मिस्टर आहेत." आता लाज कसली.

सा चांगला आहे. पंचमाला अजून चाचपडतात. जाऊन सांगावंसं वाटतं, पण गेले तर पंचमाचा धैवत होईल! हात बांधून बसते.

३१ ऑक्टोबर

हवाबाई म्हणते आता काठीशिवाय हात उचलायला हवा. हे काठी सोडत नाहीत. तिने काठी मागितली तर "चला" म्हणून छातीशी धरली. पस्तीस वर्षं त्या काठीवर काढली त्यांनी, हवाबाईच्या सांगण्यावरून सोडतील होय? मीही सांगितलं नाही. माझं सांगणं हल्ली लांबूनच बरं.

३ नोव्हेंबर

जिन्यात जायला निघाले तर यांनी खोकं डाव्या हाताने दाराकडे वळवलं आणि स्वतः खुर्चीत मागे रेलून बसले. दांडी माझ्या बाजूला. मला कळेना. यांनी उजवा हात उचलला — काठी खाली पडली, बघितलीसुद्धा नाही — खांद्याच्या वर, आणि बोटांनी बोलावलं.

"ये." "चला" नाही, "ये".

मी पाऊल टाकलं. खोकं गायला लागलं. सूर चढला.

"जा."

मागे सरले. उतरला.

"ये... ये..." हात तसाच वर, काठीशिवाय वर.

"थांब."

थांबले. सा बरोबर होता.