लाल उजेडातली सोबत

३ नोव्हेंबर, सोमवार

आज खारघरला राहायला आले. खोली माझी एकटीची. खिडकीतून पांडवकड्याचा डोंगर दिसतो, बाथरूममध्ये गरम पाणी आणि दाराला आतून कडी. घणसोलीच्या भाड्याच्या खोलीतून दोन बॅगा आणि मिक्सर घेऊन निघाले तेव्हा शेजारीण म्हणाली, दुसऱ्याच्या घरात राहणं कठीण असतं बरं. तिला म्हटलं, नवऱ्याच्या घरात राहून पाहिलंय, त्याहून कठीण काय असणार.

काम सोपं आहे. मी कामाला होते ते महाप्याचं फिजिओथेरपी क्लिनिक बंद पडलं तेव्हा आमच्या सामंत डॉक्टरांनीच हे घर सुचवलं. यशोदाबाई अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. गुडघे गेलेत आणि विसरायला होतं. त्यांच्यासोबत राहायचं, जेवणखाण, औषधं बघायची. मुलगा रूपेश बिल्डर, सून नमिता. एके काळी यांची भातशेती आणि मिठागरं खाडीपर्यंत होती. आता तिथे टॉवर आहेत. गावठाणातलं जुनं घर पाडून ही इमारत यांनीच बांधली. वरचा अख्खा मजला यांचा.

नमिताने पहिल्याच दिवशी जिताडा माशाचं कालवण वाढलं, तेही स्वतःच्या बरोबर टेबलावर बसवून. मला ‘ताई’ म्हणते. रत्नागिरीला मनस्वीला फोन केला, नर्सिंगच्या हॉस्टेलवर. म्हटलं, तुझ्या आईला एकदाची जागा मिळाली. ती म्हणाली, मग आता जरा निवांत झोप.

५ नोव्हेंबर

या घरात सकाळच्या चहानंतर सगळे लाल होतात. एक खास खोली आहे, तिला ‘वेलनेस’ म्हणतात. आत दाराएवढं उंच पॅनेल, त्यात लाल दिव्यांच्या रांगा. आमच्या क्लिनिकमध्येही छोटं होतं, आखडलेल्या खांद्यांसाठी. घाबरण्यासारखं काही नसतं, नुसती ऊब लागते. इथे नमिता चेहऱ्यासाठी बसते, रूपेश पाठीसाठी आणि यशोदाबाई, म्हणजे आमच्या आजी, गुडघ्यांसाठी. डोक्यालाही तरतरी येते म्हणे.

इथे एकच वेगळं आहे. पॅनेल मध्ये नाही, बाजूला आहे, आणि समोरासमोर दोन खुर्च्या. लाल उजेडात आजींना एकटीने बसायची भीती वाटते म्हणून समोर कुणीतरी लागतं. ती दुसरी खुर्ची माझी. गॉगल मात्र एकच, तो आजींना. मी दुसरा मागितला तर नमिता म्हणाली, सवय होईल ताई. इतकं गोड म्हणाली की वाईट वाटायचं राहूनच गेलं.

१२ नोव्हेंबर

मशीन बसवून देणारा इंद्रजित आला होता. तरुण, स्वच्छ, बोलायला मऊ. दोन्ही खुर्च्यांतलं अंतर टेपने मोजलं. मग माझ्याशी गप्पा मारत बसला. झोप कशी लागते, साखर आहे का, आईवडील किती जगले, लक्षात राहतं का. मी सांगितलं, क्लिनिकच्या पेशंटांचे फोन नंबर मला अजून पाठ आहेत. तो खूश झाला. माझ्यादेखतच नमिताला म्हणाला, ह्या चांगल्या आहेत. आंब्याची पेटी उघडून बघावी आणि म्हणावं तसं.

आजी आज वॉकर न घेता गच्चीवर गेल्या. मला उगाच वाटलं, त्यात थोडं माझंही श्रेय आहे. संध्याकाळी भाजी घेऊन येताना माझ्याच गुडघ्यातून कळ आली. वय झालं.

२४ नोव्हेंबर

गुडघे सुजलेत. बसलं की उठवत नाही. हातांवर तपकिरी डाग आलेत, जसे आजींच्या हातांवर होते. होते. आज बघितलं तर त्यांचे हात स्वच्छ.

आजी गावदेवीला पायी जाऊन आल्या. अख्खं गावठाण बघायला. नमिताने व्हिडिओ काढून नेटवर टाकला, खाली लिहिलं की रोजची सवय, घरच्या घरी आरोग्य. व्हिडिओत एका कडेला मी आहे, देवळाच्या पायरीवर टेकलेली. कुणी खाली विचारलंय, या दुसऱ्या आजी कोण.

मला त्रेचाळिसावं चालू आहे.

इथल्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, पाळी जायच्या वेळी असं होतं. रूपेशने मलम आणून दिलं, स्वतः गाडी थांबवून. या घरात सगळे माझ्याशी इतकं चांगलं वागतात की कुरकुर करायची लाज वाटते. ही पण एक सोयच म्हणायची. त्यांची.

२ डिसेंबर

दूध गॅसवर ठेवून विसरले. पातेलं जळलं. नमिताने नवं आणून ठेवलं.

दुपारी औषधं लावताना आमच्या क्लिनिकच्या डॉक्टरांचं नाव आठवेना. दहा वर्षं ज्यांच्या हाताखाली काढली त्यांचं. आजींनी वर बघून सांगितलं, सामंत. मीच कधीतरी सांगितलं असेल. सांगितलंच असेल.

मग त्यांनी सुईत दोरा ओवला, चष्म्याशिवाय, एका दमात. आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “काशीचं डोलं लय चांगलं होतं गो. आता माजं हायत.”

काशी कोण, असं नमिताला विचारलं. माझ्या आधी आजींसोबत बसायची म्हणे, उरणजवळच्या मोरा बंदराची पोर. एवढं केलं तिच्यासाठी तरी सोडून गेली, कृतघ्न. नमिता हे बोलत होती तेव्हा मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. एक सुरकुती नाही.

४ डिसेंबर

आज म्हटलं, मी बाकी सगळं करेन, त्या खुर्चीत नाही बसणार. नमिता रागावली नाही. म्हणाली, तुमची मर्जी ताई, जबरदस्ती कशाला. फक्त ती खोली जी सोबत बसेल तिला द्यावी लागेल. तुमची दुसरीकडे सोय आहे ना?

सोय. घणसोलीच्या खोलीत आता दुसरे राहतात. भावाच्या घरी वहिनी दार अर्धंच उघडते. नवऱ्याकडे दुसरी आहे.

बसले. डोळे मिटून घेतले तरी पापण्यांतून लाल दिसतंच.

७ डिसेंबर, रविवार

सुट्टी मागून मोऱ्याला गेले. गाडीने उरण, पुढे रिक्षा. जेट्टीवर विचारलं तर काशीचं घर लगेच दाखवलं, आणि दाखवणारी बाई पदर तोंडाला लावून वळली.

अंगणात एक बाई मासळी सुकत घालत होती, काटक, ताठ. उंबऱ्यावर तिची म्हातारी आई बसली होती. मी अंगणातल्या बाईला विचारलं, काशी तुम्हीच ना. ती म्हणाली, मी शेवंताबाई, काशीची आयस. काशी ती बसलीय.

उंबऱ्यावरची. डोळ्यांत पांढरी सायच सगळी. केस गेलेले. तिचं लग्न ठरलं होतं, शेवंताबाई सांगत होती. नवरामुलगा येऊन बघून गेला, परत आला नाही. दवाखाने झाले. मोतीबिंदू म्हणतात, पण एवढ्या तरुण पोरीला कसा, ते कुणी सांगत नाही. ऑपरेशन केलं, पुन्हा साय आली.

काशीने एकच विचारलं. “आता समोर कोन बसतं?”

मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिने हात पुढे केला, माझा हात चाचपला. एक एक पेर, सांधे, मनगट. मग सोडला. म्हणाली, मी डोलं गेल्यावर पलाली. थांबली असती तर डोकंपन घेतलं असतं त्यांनी. तू आज मागारी जाऊ नको.

नाही जाणार. बॅगा राहू देत त्यांच्याकडे, मिक्सरही. इथून पनवेल, पनवेलहून एसटीने रत्नागिरी. मनस्वीच्या हॉस्टेलच्या दारात जाऊन बसेन. हे जेट्टीवर बसून लिहितेय. वारा आहे. बरं वाटतंय.

८ डिसेंबर

मी माझ्या खोलीत आहे.

पनवेल स्टँड आठवतं. शेंगदाण्याची पुडी घेतली ते आठवतं. रत्नागिरीची गाडी लागली होती, कंडक्टर हाका मारत होता. मग वॉचमनने सलाम केला आणि लिफ्टचं बटण दाबलं. मधलं काहीच नाही. कुणी पकडून आणलं नाही. मीच चालत घरी आले.

घरी. बघा, घरी लिहिलं.

मनस्वीला फोन लावायला गेले तर मोबाईल उघडायचा आकडा आठवेना. नमिताने मदत केली. आता मोबाईल तिच्याकडेच असतो, माझ्याकडून हरवू नये म्हणून.

१५ डिसेंबर

आज आजींनी नमिताला एक गोष्ट सांगितली. संगमेश्वरचं सरकारी हॉस्पिटल, लाईट गेलेली, नर्सने टॉर्च धरला. मुलगी झाली. बाप आला, दारातूनच बघितलं, मुलगीच का म्हणाला आणि पान खायला गेला. सांगताना आजी रडल्या. नमिता म्हणाली, आई काहीही कल्पना करतात.

ते माझं बाळंतपण. पानाचं मी जन्मात कुणाला सांगितलेलं नाही.

पण घडलं एवढंच माहीत आहे, मी आत शोधलं तर ते तिथे नाही. टॉर्च नाही, बाळाचा चेहरा नाही. त्या जागी पाणी आहे. उथळ पाणी, ऊन, पायांना चरचरणारं मीठ, आणि कुणीतरी माणूस लाकडी दांड्याने ते ओढतोय. मी त्याला हाक मारते. बापूस म्हणून.

माझे वडील पोस्टात होते.

अजून एक. आजी बोलताना ‘हाय’ म्हणाल्या नाहीत. ‘आहे’ म्हणाल्या. माझ्यासारखं.

१९ किंवा २०

रूपेशला सांगितलं, सगळं सांगितलं. काशीचं पण. ऐकून घेतलं त्याने. मान खाली घालून म्हणाला, माझी आई बारा महिने मला ओळखत नव्हती. आता माझ्या ताटात भाकरी वाढते. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?

त्याला माहीत आहे. पहिल्यापासून.

मी काय उत्तर दिलं ते —

डिसेंबर

मी सुनीती. मी सुनीती. मनस्वी माझी मुलगी. लिहिलं की राहतं.

आज आजी माझ्याच मोबाईलवर बोलत होत्या, कुणाला तरी मनू म्हणत होत्या. हसल्या. माझं हसणं. समोरून बहुतेक विचारलं, आवाज असा का येतो, तर म्हणाल्या, सर्दी झालीय गं.

मी दारात उभी — ओरडायचं होतं — काय ओरडायचं होतं ते

दुपार

ऊन लय हाय. आगरात मीठ पडलंय, बापूस म्हनतो पाय धुऊन ये

नाही. मी आगरात कधी गेले नाही. मी

मी सुनीती

तारीख विचारली. नमिताने सांगितली. गेली.

बसवतात. हात धरून. ऊब बरी वाटते. तेच वाईट आहे, बरी वाटते —

मनस्वी म्हणजे कोण ते वर लिहिलंय. बरं झालं लिहिलं.

सकाळ

एक पोर आलीय. उंच. खांद्याला पिशवी. मला, मना बघितलं आणि रडली, माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. आई म्हनाली मना.

तिकडून त्या आल्या, ताठ चालत, यशोदाबाई. पोरीच्या केसांवरून हात फिरवला, हॉस्टेलचं जेवण कसं आहे विचारलं. पोर बघतच राहिली त्यांच्याकडे. मग माझ्याकडे. मग त्यांच्याकडे.

नमिताने कॉफी दिली. म्हनते, तुझी आई अचानक खूप थकली गं, आम्ही सगळं बघतो, तू राहा इथेच. इथून जवळचं कॉलेज मिळवून देऊ. खोली आहे. रूपेशच्या पाठीचं पण बघायचंय, माझ्या चेहऱ्याचं पण —

पोरीचे हात गोरे. डाग नाय एकपन.

मी तिला जा म्हनायला गेले. तोंडातनं ये आलं. ती आली, जवळ बसली. परत म्हनायला गेले. परत तेच.

नेलं तिला आत. मशीन दाखवायला. दार लोटलेलं हाय, खालून लाल येतंय. हसतायत. खुर्ची सरकवली.

सांगायला पायजे. कागदावर लिहून देते. पोरी बसू नको. त्या तिकडं बसू नको. पोरीचं नाव वर लिहिलंय, पान सापडत नाय — पोरी मी तुजी —