तार षड्ज पोचला होता

बाई, तुम्ही शिकवताना आमच्याकडे कधी बघितलं नाहीत. हळर्णच्या तुमच्या घरात आम्ही चार-पाच मुली बाहेरच्या खोलीत पेटीभोवती बसायचो आणि तुम्ही आत रांधत असायचात. मध्ये मातीची जाड भिंत. कोण सरळ बसलीय, कोण शेजारणीला चिमटा काढतेय, यातलं काही तुम्हाला दिसत नसे. पण एखादीचा गंधार खाली आला की ढवळायची लोखंडी कुलेर कढईच्या काठावर आपटायची आणि आतून आवाज यायचा, "कोण गो ती? मदली? गंधार धर, सोडूं नाका." आणि ती मधलीच असायची. एकदा म्हापशाला एका गायिकेला बघून मी नवी ढब शिकून आले होते. ताना घेताना हात वर न्यायचा, भुवया उचलायच्या, मान सावकाश फिरवायची. मुली तोंड उघडं टाकून बघत होत्या आणि मला वाटत होतं की मी आज फार चांगली गातेय. तुम्ही आतून विचारता, "आज तुका कितें जालां? आवाज घुसमटल्यावरी येता." शेजारची हसत सांगते, "बाई, ती हात हालयता." तुम्ही दारात येता, बोटं बेसनाने भरलेली, आणि मला आठवतं तसं त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघता. "हालय बाये, जाय तितले हालय. पूण हात आयकूंक येना मगो?" मुली दिवसभर मला हातवाली म्हणत होत्या. मी रडले, आणि दुसऱ्या दिवशी हात मांडीखाली घेऊन बसले.

मी विशारद झाले त्या वर्षी तुम्ही मला एक वही दिलीत. पेडण्याच्या बाजारातली, निळ्या कव्हराची. म्हणालात, रोज काय ऐकलंस ते लिही, बघितलेलं नको. "पळयल्लें बरोवं नाका. तें सगळ्यांक दिसता." तेव्हापासून मी रोज लिहिते. वह्या बदलल्या, नोकरी लागली, लग्न होऊन डिचोलीला आले, शाळेत संगीत शिकवायला लागले, पण लिहायचं सोडलं नाही. माझ्यात जो थोडा नेमकेपणा आहे तो त्या सवयीचा आहे असं मी समजत होते. आज मला त्याची खात्री नाही. कशाचीच नाही.

तुमच्या तोंडावरून वारं गेलं तेव्हा मी दोनदा भेटायला आले होते. डावा गाल खाली ओघळलेला, डावी भुवई हलत नव्हती, चहा पिताना तुम्ही ओठाला रुमाल लावत होतात. मी नजर कुठे ठेवावी ते न कळून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोलले. पुढे कळलं की तुम्ही परत गायला लागलात. तुमची नणंद, जी तुमच्याच मंडळात झांज वाजवायची, तिने मला सांगितलं होतं की तुम्ही पहाटे उठून सहा महिने नुसता षड्ज लावत होतात, आधी मधला, मग हळूहळू वरचा. आणि मग तुमचं महिला भजनी मंडळ आमच्या तालुक्यातल्या स्पर्धेला आलं. परीक्षक आम्ही तिघे होतो आणि त्यात मी.

दिवस श्रावणातला, सकाळची वेळ. शिरगावकडून येणारे खनिजाचे ट्रक त्या काळात बंद होते, त्यामुळे बाहेर रस्त्यावर इतकी शांतता होती की ऐकू आलं नाही ही सबब मला कधीच सांगता येणार नाही. तुमचं मंडळ भाड्याच्या टेंपोतून उतरताना मी खिडकीतून बघितलं. शेजारी बसलेले वयस्कर परीक्षक हसून म्हणाले, "तुमची बाय न्ही ती? मागीर आज गुरुदक्षिणा दिवपाची काय गो?" दुसरे म्हणाले, "दिवं दी रे, एकाच शिष्येचो भरवंसो आसा तिका." दोघेही सहज बोलले. मी पण हसले. पण मला ते लागलं, आणि मी मनाशी ठरवलं की आज माझ्या कागदाकडे कोणी बोट दाखवता कामा नये.

परीक्षकांचं टेबल मंचाच्या डाव्या हाताला होतं. तुम्ही पेटी घेऊन मध्ये बसलात आणि तुमच्या चेहऱ्याची मेलेली बाजू आमच्याकडे आली. आवाज उठला. अभंगाचा अंतरा दोनदा तार षड्जाला जातो. तुम्ही वर जाता तेव्हा मी तुमच्याकडे बघतेय: भुवई उचलत नाही, गाल वर येत नाही, ओठाचा कोपरा जिथल्या तिथे लोंबतोय. आणि मला ऐकू येतं की सूर वर जायला निघाला आणि पोचायच्या जरासा आधी थांबला. खोटं सांगत नाही, मला तसं ऐकू आलं. मी लिहिलं: तार षड्ज किंचित उतरलेला, भाव कमी. त्यानंतर एक तरुण मुलींचं मंडळ आलं, एकसारख्या साड्या, प्रत्येक सुराबरोबर चेहरे उमलत होते. त्यांचं गाणं मला वर वर जातंय असं वाटलं. दीड गुणाने त्या पुढे गेल्या, आणि तो दीड गुण माझ्याच कागदावरचा होता.

निकालानंतर भाजी-पावाच्या रांगेत तुम्ही माझ्याजवळ आलात. बशी दोन्ही हातांनी धरली होती.

"षड्ज उतरलो?"

"किंचित, बाई."

"दोनूय वेळां?"

"हो."

मागे तुमच्या मंडळातल्या बायका चिडल्या होत्या. एक मला ऐकू जाईल अशी म्हणाली, "शिकयलें तिकाच शिंगां फुटलीं." तुम्ही मागे वळून तिला गप्प केलंत. "तिचो कान हांवें केला. ती सांगता जाल्यार तशेंच आसतलें." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "बरें केलें सांगलें. म्हाका कळ्ळेंच ना."

म्हाका कळ्ळेंच ना. त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मला वाटलं तुम्ही हार मोठ्या मनाने घेतलीत. तुम्ही हार घेतलीच नव्हती. वारं चेहऱ्यावरून गेलं ते कानातही शिरलं, असा तुम्ही निष्कर्ष काढलात. आपलाच सूर उतरतो आणि आपल्याला ऐकू येत नाही, मग दुसऱ्याचा काय ऐकू येणार? त्या महिन्यात तुम्ही गाणं सोडलंत आणि शिकवणंही सोडलंत. मुलींना पेडण्याच्या एका क्लासला जायला सांगितलंत. पुढच्या चतुर्थीला मी आले तेव्हा तुम्ही नेवऱ्या तळत होतात आणि देवळातल्या कर्ण्यावरून कोणाचं तरी भजन येत होतं. पेटीच्या पट्टीत आणि गळ्यात इतकं अंतर होतं की माझे दात शिवशिवले. मी वाट बघत होते की आता कुलेर आपटेल. तुम्ही झारा हातात धरून थोडा वेळ ऐकलंत आणि मला विचारलंत, "सुरांत आसा मगो तें?" मी म्हटलं, नाही. तुम्ही मान हलवलीत आणि पुढची नेवरी तेलात सोडलीत. दीड वर्षाने तुम्ही गेलात. त्याला आता अकरा वर्षं झाली.

मागच्या महिन्यात तुमच्या श्राद्धाच्या दिवशी नणंदेने मला फोनवर एक व्हिडिओ पाठवला, खाली लिहिलं होतं, वैनीचें भजन. तिच्या मुलाने तो त्या स्पर्धेत घेतला होता, आमच्या टेबलामागे उभा राहून. माझे हात भाकरीच्या पिठात होते. नवऱ्याने व्हिडिओ लावला आणि फोन फ्रिजवर उताणा ठेवून तो बाहेर गेला. मला छताकडे तोंड केलेला फोन दिसत होता, बाकी काही नाही. तुमचा आवाज आला. अंतरा आला. तुम्ही वर गेलात आणि षड्जावर जाऊन उभ्या राहिलात, समईची वात उभी राहते तशा. मी हात न धुताच फोन उचलला आणि मागे नेऊन परत लावला. आता चेहरा समोर होता. सूर पोचायच्या जरासा आधी थांबला. फोन पालथा केला, पोचला. सुलटा केला, थांबला. भाकरी तव्यावर जळून गेली.

मला माझ्यावर विश्वास नव्हता. आता मला अपराधी वाटतंय म्हणून तो पोचलेला ऐकू येतोय, असंही असेल. म्हणून मी सूर मोजणारं ॲप घेतलं, पेटीचा षड्ज आणि तुमचा षड्ज लावून बघितला. काटा मधल्या रेघेवरून हलला नाही. तरी समाधान होईना. काटा म्हणजे काही कान नव्हे. दुसऱ्या दिवशी शाळेत आमच्या कॅन्टीनवालीकडे गेले. ती दोडामार्गकडची, भजनात जाते पण सूर-बिर तिला ठाऊक नाही.

"हे जरा ऐक. ही बाई वर जाते ती पोचते का सांग."

"तुमी गाण्याच्या टीचर, नि विचारतास भाजी करणारीक?" पण तिने गॅस बारीक केला. मी फोन पालथा ठेवला. ती डाव हातात घेऊन मान तिरकी करून ऐकत राहिली. "चडली. बरी चडली गो बाय माजी. कोण ही?"

मी फोन सुलटा करून तेच परत दाखवलं.

"हयसर जरा कमी पडली. आदली येगळी होती मा?"

"तीच आहे."

"चला! मस्करी करतास काय टीचर?" मग तिने फोन जवळ घेतला. "वारा गेला काय तेच्या तोंडावरसून? अरेरे. तरी गायली म्हंजे शाबास तेची."

चूक कळली की सुधारते, असं मी वर्गात सांगते. ही सुधारत नाही, बाई. मला सगळं माहीत आहे, ॲपचा काटा माहीत आहे, आणि तरी मी आज सकाळी व्हिडिओ लावला तेव्हा तुमचा गाल खाली राहिला आणि त्याच्याबरोबर तुमचा सूरही खाली राहिला. म्हणजे उद्या ती स्पर्धा परत झाली, तुम्ही परत तशाच बसलात, तर मी परत तेच लिहीन. कान डोळ्याचं ऐकतो आणि डोळ्याला कानाचं ऐकू येत नाही. मी माझ्या जुन्या वह्या काढून बसले. कितीतरी मंडळांबद्दल, कितीतरी पोरींबद्दल मी काय काय लिहिलंय, आणि त्यातलं किती ऐकलेलं आणि किती बघितलेलं, हे आता कोणाला वेगळं काढता येणार नाही. मलाही नाही. पुढे परीक्षक व्हायचं नाही असं ठरवलं, पण त्याने कोणाचं काय परत येणार?

काल नणंदेला फोन केला. व्हिडिओ बघितला म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "बरें जालें. वैनी मरसर सांगताली, तिणें सांगलें म्हूण बरें, ना जाल्यार हांव बेसूर गायत बशिल्लें." म्हणजे तुम्ही शेवटपर्यंत हे सांगत होतात. तिच्या आवाजात माझ्याबद्दल उपकाराची भावना होती. मी हं म्हटलं. मग तिने काजूचं विचारलं, यंदा पीक कसं गेलं ते सांगितलं.

हे पत्र मी खरं तर तिला वाचायला देणार होते. तुम्हाला उद्देशून लिहावं आणि तिच्या हातात ठेवावं, म्हणजे तिला तरी कळेल की तुमचा कान शाबूत होता. पण आता वर वाचून बघते तर सगळं अशा बेताने लिहिलंय की वाचणारी म्हणेल, बिचारीचा काय दोष, डोळ्यांनी फसवलं. ते अर्धंच खरं आहे. पहिल्या वेळी फसवलं. दुसऱ्या वेळी, त्याच अंतऱ्यात, तुम्ही परत वर जायला निघालात तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. सूर पोचला. मला तो लख्ख ऐकू आला. आणि मला वाटलं, ही माझी माया ऐकतेय, परीक्षक नव्हे. म्हणून मी डोळे उघडले आणि मग लिहिलं.