सासरेबुवांचा कॉल

४ फेब्रुवारी, सकाळ
हर्षलाचा मेसेज: 'पापा वाँट टु कॉल ऑफ द वेडिंग.' साखरपुडा झाल्यापासून दोघांनी इंग्रजीतच लिहायचं, हा नियम माझाच. चौक गावात स्पोकन इंग्लिशचा क्लास चालवतो मी. बायकोला एवढं यायलाच हवं. वाक्य जवळजवळ बरोबर. 'ऑफ' तेवढा जास्तीचा. तसं कळवलं, वर स्मायली टाकली.
तर सासरे लग्नासाठी कॉल करणार. मानपानाचं काहीतरी असणार. आपण मोठेपणा दाखवायचा.

संध्याकाळ
कॉल नाही. तिचा मेसेज: 'नो. ऑफ. प्लीज अंडरस्टँड.'
अंडरस्टूड. सासऱ्यांचा फोन ऑफ आहे.

५ फेब्रुवारी
घरात रेंज नीट नाही. क्लासला सुट्टी देऊन दिवसभर हायवेवर सदूच्या गॅरेजबाहेर बसलो. सदू म्हणाला, "तूच का लावत नायस रं फोन?" शाळेपासूनचा मित्र, पण रीतभात शून्य. ते करणार म्हटल्यावर आपण कशाला करायचा?

६ फेब्रुवारी
अंघोळीलाही फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेला. एकदा वाजला. लोनवाली बाई. तिच्याशीही अदबीने बोललो, न जाणो.
हर्षलाला विचारलं, पापा कधी कॉल करणार? उत्तर नाही. लाजली असेल.

७ फेब्रुवारी
घास उतरत नाही. आई म्हणाली, "शिमग्यानंतर लगीन, आन् तुजं त्वांड असं का रं?" टेन्शन नाही, डाएट आहे, असं सांगितलं.
देवा, एक कॉल. मिस्ड कॉल चालेल.

८ फेब्रुवारी, सकाळ
निर्णय घेतला. मीच शेलूला, त्यांच्या घरी जातो. माणसं भोळी आहेत, संकोचली असणार. पेढे घेतले. सुरुवातीला दोन वाक्यं इंग्रजीत, मग मराठीत. इम्प्रेशन राहतं.

दुपार, शेलू स्टेशन, परतताना
दार सासऱ्यांनी उघडलं. पेढ्यांकडे पाहिलं आणि आत गेले. हर्षला मला खाली गेटपाशी घेऊन आली.
म्हणाली, "मी कळवलं होतं ना? लग्न मोडलंय."
मी म्हटलं, 'ऑफ'चा अर्थ संदर्भाप्रमाणे बदलतो.
ती रडायलाच लागली. म्हणाली, "पापांचं नुसतं नाव घेतलं. नको मलाच होतं. मराठीत लिहायला हात धजेना." मी कारण विचारलं. तर म्हणे, "आईचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तुम्हाला एवढा मोठा मेसेज लिहिला होता. घाबरले होते हो मी. तुम्ही त्यातलं स्पेलिंग दुरुस्त करून पाठवलंत."
हे खरं आहे. दोन स्पेलिंग चुकली होती.
यावर माझ्याकडे उत्तर होतं. इंग्रजीत जुळवलं, मराठीत जुळवलं. तोवर ती वर गेली. पेढे वॉचमनला दिले. त्याने विचारलं, "कशाचे?" मी थँक यू म्हणालो.

संध्याकाळ, घरी
आईला आधी इंग्रजीतच सांगितलं. तोंडातून तेच निघालं. ती म्हणाली, "नीट सांग रं, मला नाय कळलं."
मग मराठीत सांगितलं. दोनच शब्द लागतात.
आईने ताट वाढलं आणि समोर बसून राहिली. मी खाली मान घालून जेवलो. भात दोनदा घेतला.